सुखदुःखातला माणूस

माझ्या चुलत्यांचा दहावा २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्याच आठवड्यात विधानसभा निवडणुकीचे अर्ज भरण्याची मुदत संपत होती. नदीच्या घाटावर सकाळी आठ वाजता तीन-चारशे माणसे बसलेली. आधी महाराजांचे प्रवचन झाले. मग सूत्रसंचालकाने श्रद्धांजलीसाठी नावे पुकारायला सुरुवात केली. पंचायत समितीचे माजी सभापती, कारखान्याचे संचालक, एका पक्षाचे इच्छुक, दुसऱ्या पक्षाचे इच्छुक. त्यांतल्या एकाने उठण्यापूर्वी माझ्या चुलतभावाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारले आणि माइक हातात घेऊन चुलत्यांच्या सरळ स्वभावाबद्दल पाच-सहा मिनिटे भाषण केले. त्याने काय विचारले असेल ते आम्हाला सगळ्यांना समजले होते. त्याने मयताचे नाव विचारले होते.

मला राग आला. शेजारी बसलेल्या गावातल्या आबांना मी तसे म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "विचारलं ते बरं केलं. मागं एकानं बापाच्या जागी लेकालाच श्रद्धांजली वाहिली होती." दुपारी घरी जेवणे झाल्यावर ओसरीवर चर्चा निघाली तीही या भाषणांची नव्हती. न आलेल्या एका पुढाऱ्याची होती. "तो आला नाही" हे वाक्य त्या दुपारी मी निदान दहा वेळा ऐकले.

एका ग्रामीण महाविद्यालयात मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. निवडणुकीच्या तोंडावर पुढारी करतात ती शिबिरे, यात्रा, वाटप, सत्कार या सगळ्याला वर्गात मी 'मते विकत घेणे' असे सरसकट नाव देत असे. त्या दुपारी मला या नावाबद्दल पहिल्यांदा शंका आली. न आलेल्या माणसाने काही द्यायचे राहिले नव्हते, कारण आलेल्यांनीही काही दिले नव्हते. तरी त्याच्या नावापुढे फुली पडली होती. मग मी आमच्या तालुक्यातल्या एका उमेदवाराला विचारून त्याच्याबरोबर प्रचार संपेपर्यंत फिरलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तालुका त्याला दादा म्हणतो, मीही तसेच म्हणेन. पुढचे विवेचन त्या फिरण्यातून आणि नंतरच्या वाचनातून आलेले आहे.

पंचांग आणि आचारसंहिता

या 'समाजकार्या'चे पहिले स्पष्टीकरण कॅलेंडरमध्ये सापडते. महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक १९९९ मध्ये सप्टेंबरात झाली. त्यानंतर २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चारही वेळा मतदान ऑक्टोबरात झाले आणि २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे निवडणुकीच्या आधीचे तीन महिने नेमके श्रावण, गणपती, नवरात्र आणि दिवाळीचे असतात. खेड्यात माणसे एकत्र येण्याचे जे जे प्रसंग आहेत त्यांतले पुष्कळसे याच काळात येतात. पुढाऱ्याला वेगळी सभा भरवावी लागत नाही. दहीहंडीची, आरतीची, दांडियाची सभा आधीच भरलेली असते, त्याने फक्त तिथे उभे राहायचे असते.

२०२४ मध्ये आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. दसरा १२ ऑक्टोबरला होऊन गेला होता. गणपतीतली बक्षिसे, नवरात्रात बायकांना घेऊन देवीला गेलेल्या बसगाड्या, शालेय वह्यांचे वाटप हे सारे आचारसंहितेच्या अलीकडे पडले. कोजागरी १६ ऑक्टोबरला, दिवाळी २८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर आणि कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला, म्हणजे आचारसंहितेच्या पलीकडे. दसऱ्यापर्यंत दादांचे काम देण्याचे होते, कोजागरीनंतर ते जाण्याचे झाले. दसऱ्यापर्यंत प्रतिष्ठानच्या नावाने वस्तू जात होत्या, त्यानंतर दादा स्वतः जात होते. मला वाटते, हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या राजकारणाचे गणित सुटत नाही.

खर्चाचा कायदाही याच रेषेवर उभा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने हिशेब द्यायचा तो उमेदवारी दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंतचा. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेसाठी २०२२ पासून ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्या काळात यंत्रणा डोळ्यांत तेल घालून असते. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, वडापाव, जेवणाचे ताट, खुर्ची, मंडप यांचे दर ठरवून देतात. सभेचे चित्रीकरण होते. उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी यंत्रणा स्वतःची वेगळी नोंद ठेवते. पण अर्ज भरण्यापूर्वी चार वर्षे रुग्णवाहिका चालवली, पाण्याचे टँकर पाठवले, क्रिकेटचे चषक लावले, तर त्यातला एक रुपयाही त्या ४० लाखांत धरला जात नाही. त्यामुळे खरा खर्च मागे मागे सरकत जातो. निवडणूक जितकी कडक, तितके तिच्या आधीचे समाजकार्य लांब.

कारखान्याकडून प्रतिष्ठानकडे

पुढारी पूर्वीही लोकांच्या उपयोगी पडतच असत. पण त्यांची साधने वेगळी होती. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, १ मे १९६२ पासून त्या काम करू लागल्या. पुढची तीस वर्षे ग्रामीण महाराष्ट्रातले नेतृत्व या दोन भट्ट्यांमधून तयार झाले. व. मं. सिरसीकरांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रामीण अभिजनांचा अभ्यास आणि बा. शं. बाविस्करांचा कोपरगावच्या साखर कारखान्यावरचा १९८० चा ग्रंथ यांत हे चित्र तपशिलाने आले आहे. त्या काळातल्या पुढाऱ्याजवळ संस्था होती. उसाची नोंद, सोसायटीचे कर्ज, शाळेत शिक्षकाची नेमणूक, दूध संघात नोकरी हे त्याचे देणे. त्या सत्तेचा उर्मट चेहरा 'सामना' चित्रपटातल्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या रूपाने मराठी माणसाच्या लक्षात राहिला आहे.

नव्वदीनंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. राखीव जागांमुळे पूर्वी जे घराणे कधी निवडणुकीच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते ते राजकारणात आले. दुसरीकडे अनेक सहकारी संस्था अडचणीत आल्या, काही खाजगी मालकीत गेल्या. इच्छुक वाढले आणि संस्था घटल्या. ज्याच्याजवळ ना कारखाना, ना बँक, ना शाळा, अशा तरुण पुढाऱ्याने लोकांना काय द्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे प्रतिष्ठान. वडिलांच्या किंवा स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान, एक रुग्णवाहिका, एक पाण्याचा टँकर, एक ढोलपथक आणि फ्लेक्स लावणारी वीस मुले. जमिनीचे व्यवहार, खडी, वाळू, ठेकेदारी यांतून आलेला पैसा त्यात जातो. दादांचे प्रतिष्ठान असेच उभे राहिले होते. त्यांचे वडील सोसायटीत शिपाई होते.

जुन्या आणि नव्या पद्धतीत एक फरक मूलभूत आहे. कारखान्याचा पुढारी जे देत होता ते सभासदाचे थोडेफार हक्काचे होते. शेअर घेतलेला माणूस वार्षिक सभेत उठून भाव विचारू शकत होता, आणि कैकदा विचारीतही असे. प्रतिष्ठानला सभासद नसतो, फक्त लाभार्थी असतो. त्याला प्रश्न विचारायची जागा नाही.

एका दिवसाची चाकोरी

दादांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे देवळादेवळांत काकडा असतो. थंडीत कांबळी पांघरून बसलेली पंधरा-वीस म्हातारी माणसे, टाळ, आणि शेवटी प्रसाद. दादा मागच्या खांबाशी जाऊन बसत, आरती घेत, एक शब्द न बोलता निघत. पहिल्या दिवशी मी विचारले, इतक्या थोड्या माणसांसाठी एवढी धावपळ कशाला? दादा म्हणाले, "सर, हीच माणसं दिवसभर पारावर बसतात."

आठला एखादा दहावा. एका दिवशी तर तीन घाट झाले. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यात दशक्रिया ही केवळ घरची बाब उरलेली नाही. सगळे नातेगोते, सोसायटीचे, कारखान्याचे, भावकीचे लोक एका ठिकाणी, तेही दोन तास हलू न शकणारे. पुढाऱ्याला याहून चांगला श्रोतृवर्ग कुठे मिळणार? लोक या भाषणांना कंटाळलेले आहेत. काही गावांनी घाटावर राजकीय भाषणे नकोत असे ठरवलेही आहे. पण भाषण नको असले तरी येणे हवे असते. दादांनी तेवढे ओळखले होते. ते नुसते हात जोडून बसत आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबत. "थांबला" हा शब्द मी नंतर त्यांच्याबद्दल अनेकांच्या तोंडी ऐकला.

दहा वाजल्यानंतर बांधावरच्या भेटी. सोयाबीनची काढणी झालेली. केंद्राने हमीभाव ४,८९२ रुपये ठरवला होता आणि बाजारात त्याखाली सौदे होत होते. शेतकरी सगळ्यांवरच चिडलेले. इथे दादांजवळ द्यायला काहीच नव्हते. ते ऐकून घेत, एखाद्या विहिरीचे वीजजोड अडले असेल तर तिथेच फोन लावत. फोन स्पीकरवर असे. काम झाले की नाही यापेक्षा साहेबाशी कुणीतरी आपल्यासमोर बोलले, हे महत्त्वाचे ठरे.

दुपारी बचत गटाच्या बायकांची बैठक, पण ती दादांची वहिनी घेई. नवरात्रापूर्वी तिने तीन गावांत पैठणीचे खेळ घेतले होते. त्या खेळांची टिंगल करणे सोपे आहे. मी एक खेळ पाहिला. पन्नाशीच्या बायका फुगे फुगवीत होत्या, उखाणे घेत होत्या, पडून हसत होत्या. सासऱ्यासमोर कधी मोठ्याने न बोललेली बाई चावडीसमोर माइकवर बोलत होती. त्या वर्षी जुलैपासून राज्य सरकारची महिन्याला १५०० रुपयांची 'माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली होती. त्या योजनेचे अर्ज भरून देण्याचे टेबल हा तर सगळ्याच पक्षांच्या इच्छुकांचा मोठा उद्योग झाला. योजना सरकारची, कागद बाईचे, पैसे तिच्याच खात्यात. पुढाऱ्याने काय दिले? मोबाइल, इंटरनेट आणि अर्ज भरून देणारा पोरगा. पण बाईच्या लक्षात राहिले ते टेबल.

संध्याकाळी वस्त्यांवर बैठका आणि रात्री अकरानंतर 'हिशेब'. हा पैशांचा हिशेब नव्हता, निदान माझ्यासमोर तरी नव्हता. दादांच्या स्वीय सहायकाजवळ एक जाड वही होती. गाववार मयत, लग्न, बारसे, आजारपण, अपघात. कुणाकडे गेलो, कुणाकडे राहिले, कुणाकडे विरोधक आधी पोहोचले. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होणार, म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पत्रिकांचा गठ्ठा वेगळा. महाविद्यालयातली कुठलीही सर्वेक्षण-प्रश्नावली मला त्या वहीपुढे फिकी वाटली. तालुक्यातल्या दुःखाची इतकी पूर्ण नोंद सरकारच्या कुठल्याही खात्याजवळ नसेल.

मत विकत मिळते का?

आता मूळ शंकेकडे येऊ. कायद्याच्या दृष्टीने यातले काय गुन्हा आहे? मतासाठी काही देणे ही लाच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली तसे सिद्ध झाले तर निवडणूक रद्द होऊ शकते. भारतीय दंड संहितेत निवडणूक-गुन्ह्यांचे प्रकरण १९२० मध्ये घातले गेले. त्यात लाचेला एक वर्षापर्यंत कैद ठेवली, पण लाच खाऊपिऊ घालण्याच्या रूपात असेल तर फक्त दंड. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा भेद कायम ठेवला आहे. शंभर वर्षांपूर्वी हा कायदा लिहिणाऱ्यांनाही जेवणावळ आणि रोख रक्कम एकाच मापाने मोजवली नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते.

खर्चाच्या बाबतीतही कायदा असाच अडखळला आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये म्हटले की पक्षाने किंवा मित्रांनी उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरायला हवा. काही आठवड्यांतच अध्यादेश काढून कायदा बदलला गेला आणि तो खर्च बाहेर ठेवला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट पुष्कळ आवळली, पण तोवर जवळजवळ तीस वर्षे गेली होती.

पैसा आणि वस्तू वाटल्याने मत मिळते, असे गृहीत धरले तर एक अडचण येते. मत गुप्त असते. आमच्या तालुक्यात दिवाळीचा फराळ दोन्हीकडून आलेली घरे मला माहीत आहेत. सहलीला एकाच्या बसने गेलेल्या बायका दुसऱ्याच्या हळदीकुंकवालाही गेल्या. घेणाऱ्याने दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहण्याची सोय देणाऱ्याजवळ नाही. मग चाणाक्ष माणसे एवढा पैसा का घालवतात? मुंबईतल्या निवडणुकांवर लिहिताना लिसा ब्योर्कमन या अभ्यासिकेने २०१४ मध्ये असे दाखवले की तिथे वाटल्या जाणाऱ्या पैशाला मताची किंमत समजणे चुकीचे आहे. तो पैसा नाती जोडतो आणि उमेदवाराचे जाळे किती लांबवर पोहोचते हे दाखवतो. मुंबईचा निष्कर्ष खेड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण मी पाहिले ते याच्याशी जुळणारे होते.

दादांच्या खर्चाची मला तीन कामे दिसली. पहिले, कार्यकर्ता टिकवणे. वीस मुलांना सतत काम लागते. शिबिर, चषक, यात्रा नसेल तर ती मुले दुसऱ्या दादांकडे जातात. लाभार्थ्यांपेक्षा वाटप करणाऱ्यांसाठीच वाटप जास्त असते, असे मी म्हणेन. दुसरे, पक्षाला दाखवणे. उमेदवारी देताना पक्ष विचारतो, तुमच्याजवळ काय आहे? गर्दीची छायाचित्रे हे त्याचे उत्तर असते. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्या कायम वैध ठरवल्या. त्यानंतर घाटांवर जी बक्षिसांची चढाओढ लागली तिचा प्रेक्षक जितका गाडामालक होता तितकाच मुंबईत बसलेला नेताही होता. तिसरे, मैदानात राहणे. समाजकार्याने मत मिळेलच असे नाही, पण न केल्यास माणूस विचारातच घेतला जात नाही. ओसरीवरच्या त्या दुपारचा अर्थ मला इथे लागला. हजेरी ही मताची किंमत नाही, ती शर्यतीची प्रवेश फी आहे.

ही फी कोण भरू शकते? आमच्या तालुक्यातली एक माजी सरपंच बाई. दोन वेळा निवडून आलेली, गावात पाण्याची योजना तिने पुरी करून घेतलेली. जिल्हा परिषदेच्या गटासाठी तिचे नाव गावातूनच पुढे आले. ती मला म्हणाली, "सर, गटात वीस गावं. दहाव्याला जायचं तर जीप पाहिजे, डिझेल पाहिजे, सोबत माणूस पाहिजे. बाईमाणूस एकटी घाटावर जाऊन बसली तर ते काय म्हणतील?" तिने नाव मागे घेतले. आरक्षणाने तिला जागा दिली होती, पण त्या जागेपर्यंत जाण्याची फी माफ केली नव्हती.

यात आणखी एक भर पडली. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचे आदेश दिले. मधली तीन वर्षे प्रशासक होते. इच्छुकांना निवडणूक कधी लागेल ते माहीत नाही आणि थांबताही येत नाही. एरवी सहा महिने करावे लागणारे समाजकार्य त्यांनी तीन वर्षे ओढले. ज्यांची जमीन त्यात गेली असे दोघे मला माहीत आहेत. आणि हक्काचा सदस्यच नसल्याने गावातल्या लोकांना साध्या दाखल्यासाठीही या बिनपदाच्या दादा-भाऊंकडेच जावे लागले.

दुसरा डोळा

माझ्या चुलतीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गणपतीच्या सुमारास दादांच्या प्रतिष्ठानचे नेत्रतपासणी शिबिर झाले. चुलती त्यात गेली. एका सकाळी बस आली, शहरात नेऊन उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी मुलांनी घरी आणून सोडले, काळा चष्मा दिला. सगळे नीट, वेळेवर आणि मायेने झाले. ते मी नाकारणार नाही. दुसरा डोळा दिवाळीनंतर करू, असे सांगितले होते.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. दादा पडले. मतांचा फरक फार नव्हता. प्रतिष्ठानची रुग्णवाहिका डिसेंबरात बंद झाली. तिचा हप्ता थकल्याचे नंतर समजले. दादांना मी दोष देत नाही, त्यांच्या अंगावर किती कर्ज झाले ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. पण चुलतीची बस आली नाही.

मार्चमध्ये मी गावी गेलो तेव्हा ती ओसरीवर बसून डावीकडून येणाऱ्या माणसाला आवाजावरून ओळखत होती. मी म्हणालो, "काकू, ही शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे." तिने ऐकून घेतले आणि विचारले, "पण जायचं कुणाच्या नावानं?"

या प्रश्नापुढे माझे शिकवणे थांबले. शस्त्रक्रिया दादांनी दिलेली नव्हती. ती तिला मिळण्यासारखी आधीपासूनच होती. दादांनी दिली ती बस, सोबत आणि 'हा आपला माणूस आहे' असा शब्द. व्यवस्थेने आपल्या दारापर्यंतचा शेवटचा मैल मोकळा सोडला आहे आणि त्या मैलावर पुढारी उभा राहतो. तो वाईट माणूस असतो असे नाही. पण तो तिथे उभा राहिला की हक्काची गोष्ट उपकार होऊन जाते, आणि तो हरला की ती गोष्टच नाहीशी होते. हाच या समाजकार्याचा खरा खर्च आहे आणि तो कलम ७७ च्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावात आशासेविका आहे, उपकेंद्र आहे, तालुक्याला रुग्णालय आहे. त्यांतल्या एकाने जरी दिवाळीनंतर घरी येऊन "आजी, दुसरा डोळा राहिलाय ना?" असे विचारले असते, तर चुलतीला कुणाच्या नावाची गरज पडली नसती. सहायकाची ती जाड वही खरे म्हणजे उपकेंद्रात असायला हवी.

एप्रिलमध्ये मीच तिला घेऊन गेलो. एसटीने गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेली असल्याने तिला तिकीट लागले नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, तारीख मिळाली, दहा दिवसांनी शस्त्रक्रियाही झाली. काही अडले नाही. फक्त पहिल्या दिवशी कागद करताना खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, "कुणाच्या शिबिरातून आलात?"

कुणाच्याच नाही, असे मी म्हणालो. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. बसमध्ये परत येताना मी काकूला विचारले की नोव्हेंबरात मत कुणाला दिले होते. ती हसली. म्हणाली, "दादाला न्हाई दिलं. पण दहाव्याला शेवटपर्यंत थांबला होता बिचारा. पुढच्या वेळी बघू."